काळी वेगळी ठेवा

माती मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या गावची रीत. कोणी घातली ते ठाऊक नाही, पण मोडलेली कोणी पाहिली नव्हती. पाणी मागितलं तर जात विचारणारे लोक गावात होते, विस्तव मागितला तर तोंड वाकडं करणारेही होते. मातीला मात्र कोणी कोणाला अडवत नसे. चूल फुटली, कोठीला भेग गेली, की घमेलं घ्यायचं, ज्याच्या बांधाला बरी माती दिसेल तिथं जायचं, नुसतं "नेतो गा" म्हणायचं आणि न्यायची. माती काय संपते का, असं आम्ही म्हणायचो. संपते, बाप्पा. रहेमानची संपली, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली.

मारेगावच्या पूर्वेला, नाल्याच्या काठावर आमचं गाव. रहेमानचं चार एकर वावर अगदी नाल्याला लागून, आणि गावात त्याच्या तोडीची जमीन दुसरी नव्हती. कंबरभर काळी. कापसाची पऱ्हाटी अशी यायची की वेचणाऱ्या बाया तिच्यात दिसेनाशा व्हायच्या. घरात माणसं तीन : रहेमान, त्याची बायको अमिनाबी आणि मुलगी रौशन. रौशनला पुसदला दिली होती. तिच्या नवऱ्यानं दुसरी घरात आणली, तेव्हा ही एक पत्र्याची पेटी घेऊन माघारी आली. दुसरा निका करणार नाही, असं तिनं आल्या दिवशीच सांगून टाकलं. भाऊ नाही, नवरा नाही. तिच्यापुढं जन्म काढायला होतं ते हे वावर.

अठ्ठावन्न साली खदानवाले आले. नाल्याच्या अंगाला कोळसा फार खोल नव्हता, वरची माती आणि दगड काढला की उघड्यावरच लागायचा. कंपनी लहान, नागपूरकडच्या भागीदारांची. त्यांचा साहेब धोतर नेसायचा आणि वर टोप घालायचा, म्हणून पोरं त्याच्या मागं लागायची. साहेब म्हणाला, दोन वर्षं वावर द्या, कोळसा काढू, खड्डा भरू आणि जमीन तुमची तुम्हाला परत करू. रहेमान भोळा सांब. तो तेव्हाच मान डोलवून मोकळा झाला. अमिनाबी दाराआडून बाहेर आली.

"काळी वेगळी ठेवा," ती म्हणाली. "आंधी काळी काढा अन् बाजूले तिचा ढीग घाला. भरतीच्या वक्ताले दगड खाली, त्याच्यावर मुरूम, मंग पिवळी, अन् सगळ्याइच्या वर मायी काळी. मुरूम वर आला तं मायी पोरगी काय गोटे पेरन?"

साहेब हसला, पण कबूल झाला. त्याला तरी काय, माती कुठंतरी टाकायचीच होती. अमिनाबी तेवढ्यावर थांबली नाही. ढिगावर ताग पेरा, मुळं धरून ठेवतील, नाहीतर पाण्यानं वाहून जाईल, हेही तिनं सांगितलं. बाई मोठी खमकी. त्या दोघांच्या संसारात नाही म्हणायचं खातं तिच्याकडं होतं आणि हो म्हणायचं त्याच्याकडं.

उन्हाळ्यात काळी निघाली. नाल्याच्या काठी तिचा लांबलचक ढीग पडला, घरापेक्षा उंच. आणि त्याच वैशाखात अमिनाबीला ताप भरला. वणीहून डॉक्टर येईपर्यंत ती गेली.

मयतीला अख्खं गाव आलं. मुसलमानांची घरं आमच्याकडं बोटावर मोजण्याइतकी, पण अमिनाबीनं कोणाची बाळंतपणं केली होती, कोणाच्या घरी लग्नाच्या पोळ्या लाटू लागली होती. कब्रस्तानात त्यांच्यात प्रत्येकानं तीन तीन मुठी माती द्यायची असते. तांड्यावरच्या किसनसिंगनं दिली, हरिसिंगनं दिली, बबनराव पाटलानं अंगठ्या काढून खिशात टाकल्या आणि दिली. रहेमान कडेला उभा होता. त्याला एकाचंही तोंड दिसलं नाही. त्याला फक्त हात दिसले, एकामागून एक, मातीनं भरलेले आणि मग रिकामे. बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं. रौशन घरी बायांमध्ये बसली होती.

त्या दिवसापासून रहेमान बधिर झाला. त्याला दुःख झालं असं मी म्हणणार नाही, दुःख झालेला माणूस रडतो, भांडतो, निदान जेवत तरी नाही. हा जेवायचा. ताटात पडेल ते खायचा. मीठ नसलं तरी खायचा आणि दुप्पट असलं तरी खायचा. कोणी बस म्हटलं की बसायचा. एकदा चहा इतका कढत प्यायला की ओठाला फोड आला, तो दुसऱ्या दिवशी रौशनच्या लक्षात आला, याच्या नाही.

साहेबाला दया आली म्हणा की सोय दिसली म्हणा, त्यानं रहेमानला ढिगावर राखणदार नेमलं. आपल्याच मातीचा राखणदार. याच्याहून बरा राखणदार कुठं मिळणार, असं साहेबाला वाटलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण नागपूरकडं नसावी.

रौशन खदानीवर घमेली वाहायला लागली. मुरूम, पिवळी, फुटलेला दगड, पोरगी डोक्यावरून वाहायची आणि दुसऱ्या शेताच्या कडेला रचायची. पाऊस पडला तसा तिनं ढिगावर ताग पेरला, आईनं सांगितलं होतं तसा. ताग कंबरेएवढा झाला, पिवळा फुलला. खदानीकडून पाहिलं तर ढीग गच्च हिरवा दिसायचा. त्याच्याकडं पाहून ती घमेलं उचलायची.

पहिला आला किसनसिंग. चूल फुटली म्हणून. घमेलं घेऊन रहेमानपुढं उभा राहिला.

"रहेमानचाचा, माती नेतो गा."

रहेमाननं त्याच्या हाताकडं पाहिलं. या हातानं अमिनाला माती दिली. आता हाच हात माती मागतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? एवढाच विचार त्या बधिर डोक्यात आला आणि तिथंच अडकून बसला.

"ने," तो म्हणाला.

मग रुखमाबाई आली, कोठी लिंपायला. तिचा नवरा मयतीला होता. मग कुंभार आला, पोळ्याचे बैल करायला. मग कोणी वांग्याच्या वाफ्यासाठी, कोणी पानवेलीसाठी. रहेमान प्रत्येकाचे हात पाहायचा आणि ने म्हणायचा. लोक नाल्याच्या अंगानं यायचे, तिकडून वाट होती. मागून खणायचे. समोर ताग तसाच डोलत असायचा. समोरून डोंगर आणि मागून भगदाड, अशी त्या ढिगाची गत झाली. कोणी मुद्दाम केलं नाही हो. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकच घमेलं नेलं.

रौशनला चार-दोन घमेली जातात हे ठाऊक होतं. तिला वाटलं, जाऊ द्या, रीत आहे. ढीग केवढा आणि घमेलं केवढं.

दोन वर्षं भरत आली त्या उन्हाळ्यात बबनरावांच्या बैलबंड्या लागल्या. त्यांचं वावर नाल्याच्या पलीकडं, त्यातला निम्मा तुकडा बरड, नुसता गोट्यांचा. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ आणून बरडावर टाकायची आमच्याकडं चालच आहे. तळं दूर होतं, ढीग जवळ. बबनराव स्वतः आले, रहेमानशेजारी बसले, अमिनाबीची आठवण काढली. खरोखर डोळे पुसले त्यांनी, खोटं कशाला सांगू.

"रहेमानभाई, थोडी माती पाह्यजे होती बरडाले."

रहेमाननं अंगठ्यांकडं पाहिलं. या माणसानं त्या काढून ठेवून माती दिली होती.

"न्या."

त्या दिवसांत खदानीचं काम दुपारी ऊन तापलं की बंद व्हायचं. बाया घरी जायच्या आणि नाल्यातून बंड्या यायच्या. रौशनला चाकोऱ्या दिसल्या तेव्हा मृगाला फार दिवस उरले नव्हते. ती ढिगाच्या मागं गेली, आणि तिच्या डोक्यावरचं रिकामं घमेलं खाली पडलं. ढिगाला मागची बाजूच नव्हती. तागाच्या वाळल्या मुळ्या हवेत लोंबत होत्या.

"अब्बा, हे काय होऊन राह्यलं? हे वावर हाय आपलं. हा ढीग नाही, हे अख्खं वावर हाय! काहून नेऊ देल्लं तुमी?"

रहेमान दगडावर बसला होता. तो म्हणाला, "त्याइनं तुया अम्माले माती देल्ली."

"म्हून?"

रौशन साहेबाकडं गेली. साहेब म्हणाला, माती तुमची, राखणदार तुझा बाप, त्यानं दिली तर कंपनी काय करणार? ती बबनरावांच्या वाड्यावर गेली. ते ओट्यावर पान लावत होते. "मांगून नेली वं बाई," ते म्हणाले, "चोरून नाही नेली. तुया बापाले इचार." हेही खरंच होतं. सगळेच खरं बोलत होते, तीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवसापासून बंड्या थांबल्या, पण आता थांबून काय, बैल गेला आणि झोपा केला.

खड्डा भरणं उन्हाळाभर चाललंच होतं. दगड खाली, त्यावर मुरूम, त्यावर पिवळी. अमिनाबीनं सांगितलं होतं तसंच, साहेब शब्दाचा पक्का निघाला. रौशन त्याच घमेल्यात तोच मुरूम परत वाहत होती. शेवटी काळीची पाळी आली. बायांनी नाल्याच्या टोकापासून पसरायला सुरुवात केली. मुकादम रामधन काठीनं जाडी पाहायचा. कंबरभर नाही, गुडघाभर नाही, निदान वीतभर तरी बसावी म्हणून तो सारखा म्हणे, पातळ करा, आणखी पातळ करा. तरी अर्ध्या एकराच्या पुढं ढीग गेलाच नाही. उरलेल्या वावरात पिवळी माती उघडी पडली होती, चिकट, उन्हानं तडकलेली, आणि मधूनमधून मुरूम. रामधननं काठी खाली ठेवली आणि बिडी पेटवली. त्या बायांपैकी निम्म्यांच्या घरच्या चुली त्याच मातीच्या होत्या.

त्या रात्री रौशननं भाकर वाढली नाही. रहेमान ताटापुढं बसून राहिला, मग उठून झोपला. सकाळी मात्र तो आपणहून बबनरावांकडं गेला. त्याच्या डोक्यात कुठूनतरी उजेड पडला होता : रीत रीतच असते, आपणही माती मागितली तर आपल्याला कोण नाही म्हणेल?

बबनराव शेतातच भेटले. बरडावर नांगर फिरून, वखर फिरून सगळं काळंभोर झालं होतं. तासं धरून पेरणी चालली होती.

"माती पाह्यजे होती," रहेमान म्हणाला.

बबनराव नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायची रीतच नव्हती. त्यांनी रहेमानच्या खांद्यावर हात ठेवला. "ने ना, राजा. पन कोनती तुयी अन् कोनती मायी, आता कसं वळखू? सारी मिसळली. अन् बी पडलं. पीक निंघू दे, मंग पाहू." आणि त्यांनी गड्याला पाणी आणायला सांगितलं. रहेमान पाणी प्यायला आणि परत आला.

रौशन ओसरीवर बसली होती. त्यानं जे झालं ते सांगितलं, जसंच्या तसं, दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं. तिनं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, ओरडायची ताकद मुरमासोबत खड्ड्यात गेली होती.

"अब्बा, ज्याइनं अम्माले माती देल्ली, त्या सगळ्याइले तुमी माती देल्ली. बरोबर?"

"हव."

"मी नोहोती तिथं. मले कोनी नेलंच नाही. मले तिच्यावर एक मूठ टाकू देल्ली नाही. म्हून मायंच वावर गेलं ना?"

रहेमान उभाच होता. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं गावभराचे हात मोजले होते, आणि घरातले दोन हात, रोज त्याला भाकर वाढणारे, त्याच्या हिशेबात कुठं आलेच नव्हते. मग रौशन उठली, घमेलं घेतलं आणि कामाला गेली.

अर्ध्या एकरात तिनं तूर टाकली. उरलेल्या साडेतीनात काही उगवलं नाही. पिवळ्यात पाणी साचलं आणि म्हशी बसू लागल्या.

पुढल्या साली कंपनीनं शेजारचा तुकडा घेतला. तो कोकिळाबाईचा, तीन एकर. कोकिळाबाई विधवा, पदरी तीन लेकरं. तिनंही साहेबाला सांगितलं, काळी वेगळी ठेवा, अमिनाबीसारखंच. साहेबाला आता राखणदाराची धास्ती होती. तो रौशनकडं पाहत म्हणाला, बसशील का ढिगावर? बाई राखणदार आमच्याकडं कोणी ऐकली नव्हती. लोक म्हणाले, आता हे बाकी होतं. रौशन बसली.

पहिल्याच आठवड्यात हरिसिंग आला, घमेलं घेऊन. "माती नेतो, बाई."

"नाही," रौशन म्हणाली.

हरिसिंगला वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं, चुलीला पाहिजे म्हणून. ती म्हणाली, चुलीला नाल्यात आहे, तिथून न्या. तो तसाच उभा राहिला, मग गेला आणि गावभर सांगत सुटला. त्यानंतर कुंभार आला, त्यालाही नाही. बबनरावांचा गडी बंडी घेऊन आला, त्याला तर बैलांचे कासरे धरून तिनं माघारी वळवलं. गावात बोंब झाली. नवऱ्यानं टाकलेली, तिला काय रीतभात, असं बाया विहिरीवर बोलायच्या. कोकिळाबाई त्या घोळक्यात असायची आणि खाली मान घालून पाणी शेंदायची.

रहेमान आता घरीच असायचा. खदानीवर काम नाही, वावरात काम नाही. तो दिवसभर ओसरीवर बसायचा, आणि बसायचा म्हणजे नुसता बसायचा. त्या पावसात झड लागली, सात-आठ दिवस उघडलं नाही. उघडल्यावर कब्रस्तानाकडून येणाऱ्या कोणीतरी त्याला सांगितलं, अमिनाबीची कब्र खचली, मधोमध खड्डा पडला आणि पाणी भरलं.

तो उठला. त्यानं घमेलं शोधलं आणि निघाला. आधी स्वतःच्या वावरात गेला. अर्ध्या एकरात तूर गुडघ्याएवढी झाली होती, तिच्या बुडातली माती काढायला त्याचा हात धजला नाही. बाकीच्यात चिखल आणि मुरूम. अमिनाच्या अंगावर मुरूम टाकायचा? तो बांधावरून चालत कोकिळाबाईच्या ढिगापाशी आला. ढीग चांगला उंच होता, चारी बाजूंनी सारखा, वर ताग. रौशन पोतं पांघरून दगडावर बसली होती.

"रौशन, एक घमेलं माती दे."

"कायले, अब्बा?"

"तुया अम्माची कब्र खचली."

रौशन उठली. ती बापाच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि मग ढिगाकडं. रहेमाननं घमेलं पुढं धरलं. त्याला वाटलं, ती आता स्वतःच्या हातानं भरून देईल. पोरीचा चेहरा कसनुसा झाला, ओठ कापायला लागले. पण हात काही पुढं आले नाहीत.

"अम्मा मायी हाय, अब्बा," ती म्हणाली. "माती मायी नोहे. हे कोकिळाबाईचं वावर हाय."

रहेमान घमेलं धरून उभा राहिला. कोणीतरी त्याला नाही म्हटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी लागलं, आत, खोल, आणि ते इतकं दुखलं की त्याला उभं राहवेना. तो चिखलात बसला आणि रडला. अमिनासाठी रडला, वावरासाठी रडला, पोरीच्या कापणाऱ्या ओठांसाठी रडला. मोठ्यानं, लहान लेकरासारखा, खदानीवरच्या बाया काम थांबवून पाहायला लागल्या तरी.

रौशन त्याच्याजवळ गेली नाही. गेली असती तर तिनं घमेलं भरून दिलं असतं, हे तिला ठाऊक होतं. ती ढिगाला पाठ लावून उभी राहिली आणि तिथूनच रडत राहिली.